पर्यावरणीय आरोग्य अधिक साथरोगशास्त्र असं एमपीएच केलं, त्याचा रिव्ह्यू (कोकणातून जाणाऱ्यांनी नक्की वाचा)

मी कुडाळ तालुक्यातली. बीएएमएस झाल्यावर दोन वर्षं एका दवाखान्यात असिस्टंट होते आणि मग दोन वर्षांचं एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातलं पदव्युत्तर शिक्षण केलं, स्पेशलायझेशन पर्यावरणीय आरोग्य आणि साथरोगशास्त्र दोन्ही मिळून. गावाकडची बरीच मुलं-मुली विचारतात की ताई हा कोर्स नेमका असतो काय, करू की नको, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतेय. कॉलेजचं नाव लिहीत नाहीये कारण काही तक्रारी आहेत आणि मला बोलायचंय ते कोर्सबद्दल, कोणाला बदनाम करायचं नाहीये.

स्टार द्यायचे तर पाचपैकी साडेतीन. विषय आणि शिकवणं याला मी पूर्ण पाच देईन, कापलेला दीड स्टार लॅब, फील्डची साधनं आणि ऑफिसची दिरंगाई यांचा.

आधी मी का गेले ते सांगते. आमच्याकडे लावणी सुरू झाली की आठ-पंधरा दिवसांनी तापाची माणसं यायला लागतात, त्यातली काही अशी की डोळे लालबुंद, पोटऱ्या एवढ्या दुखतायत की हात लावू देत नाहीत, आणि विचारलं की हमखास मळ्यात अनवाणी उतरलेली असतात, बोटांच्या बेचक्यात चिखल्या झालेल्या. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस तापाची) शंका येते, रक्त पाठवतो, औषध सुरू करतो, जास्त वाटलं तर ओरोसला मोठ्या दवाखान्यात धाडतो, माणूस बरा होतो आणि पुढच्या वर्षी परत त्याच मळ्यात तसाच अनवाणी उतरतो. जंतू उंदराच्या मुतातून साठलेल्या पाण्यात येतो आणि अशाच फाटलेल्या कातडीतून आत जातो, एवढं मला बीएएमएसला कळलं होतं. पण कुठल्या मळ्यात जास्त, पाऊस पडल्यावर किती दिवसांनी पेशंट वाढतात, लावणीच्या दिवसांत आठवड्याला २०० मिलिग्रॅम डॉक्सी (डॉक्सिसायक्लिन, ताप होऊ नये म्हणून द्यायची गोळी) वाटतात ती ज्यांनी खरंच खाल्ली त्यांच्यात ताप कमी दिसला का, हे कोण बघतं, कसं बघतं, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते शोधायला गेले.

आता जोड कोर्स म्हणजे काय. नुसतं साथरोगशास्त्र शिकलात तर तुम्ही माणसं मोजायला शिकता, आजारी किती, निरोगी किती, कोणात जास्त, कधीपासून. नुसतं पर्यावरणीय आरोग्य शिकलात तर पाणी, हवा, माती, आवाज, उष्णता मोजायला शिकता, कुठलं रसायन शरीरात काय करतं ते शिकता. अडचण अशी की पाण्याचा रिपोर्ट एका ऑफिसात आणि पेशंटचं रजिस्टर दुसऱ्या ऑफिसात, आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचणारा माणूसच नसतो. हा कोर्स तो माणूस तयार करतो, निदान करायला हवा. माझं सगळं मत या एका गोष्टीवर उभं आहे, जिथे दोन्ही बाजू खरोखर हातात धरून शिकवतात तिथेच पैसे घाला, नावात दोन्ही शब्द असून एकच बाजू शिकवणारे कोर्सही आहेत.

पहिल्याच महिन्यात आमच्या मॅडमनी जॉन स्नोची गोष्ट सांगितली. १८५४ ची लंडनची कॉलऱ्याची साथ आणि ब्रॉड स्ट्रीटचा पंप हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण मॅडमनी पंप बाजूला ठेवला आणि दुसराच भाग शिकवला. लंडनच्या एका भागात दोन कंपन्या एकाच गल्लीत पाणी पुरवायच्या, घराघराला वेगळी. त्यातल्या लॅम्बेथ कंपनीने १८५२ मध्ये पाणी उचलायची जागा नदीच्या वरच्या अंगाला नेली, साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी खालीच, शहराचं सांडपाणी मिसळलेलं पाणी उचलत राहिली. स्नो मृत्यू झालेल्या घरी जाऊन विचारायचा की पाणी कुठल्या कंपनीचं, आणि बऱ्याच भाडेकरूंना ते माहीतच नसायचं. मग त्याने काय केलं, पाण्याचा नमुना घेऊन त्यात मीठ किती ते बघायला सिल्व्हर नायट्रेट टाकलं. खालच्या कंपनीच्या पाण्यात मीठ सुमारे चाळीसपट जास्त, कारण थेम्सला तिथवर भरतीचं पाणी चढतं. मीठ दिसलं की कंपनी कळली. वर्गात नागपूर, सोलापूरची मुलं होती त्यांना हे समजावून सांगावं लागलं, मला नाही, कारण खाडीत भरती चढली की कुठपर्यंत पाणी खारं होतं हे आमच्याकडे पोराटोरांना माहीत असतं. त्या दिवशी मला वाटलं की हा विषय आपल्यासाठीच आहे. एकाच माणसाने मृत्यूही मोजले आणि पाण्याची रासायनिक तपासणीही केली, हीच ती जोड.

पहिलं सेमिस्टर जड जातं, आधीच सांगून ठेवते. बायोस्टॅट म्हणजे आरोग्याचं संख्याशास्त्र, त्यासाठीचं आर सॉफ्टवेअर, अभ्यासाचे प्रकार, बायस म्हणजे मोजण्यातला कल, कन्फाउंडिंग म्हणजे तिसऱ्याच गोष्टीमुळे दोन गोष्टींचा संबंध फसवा दिसणं. बारावीनंतर गणित सोडलेल्यांनी घाबरू नका पण रोज बसा, परीक्षेच्या आधी एकदम केलं तर डोक्यात राहत नाही. कोहॉर्ट, म्हणजे एकाच गटाचा वर्षानुवर्षं पाठपुरावा, शिकवताना अमेरिकेतल्या सहा शहरांचा १९९३ साली छापून आलेला अभ्यास घेतला होता, आठ हजारांवर माणसं, १४ ते १६ वर्षं पाठपुरावा, आणि सिगरेट वगैरेचा हिशेब वेगळा काढल्यावरही सगळ्यात मळक्या हवेच्या शहरात मृत्यूचं प्रमाण सगळ्यात स्वच्छ शहरापेक्षा २६ टक्के जास्त. सरांनी एकेक आकडा कसा आला ते फळ्यावर काढून दाखवलं, तीन तास गेले, कोणी हललं नाही. मग समोर ठेवलं की जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची पीएम २.५ ची, म्हणजे हवेतल्या अगदी बारीक कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आहे आणि आपली राष्ट्रीय मर्यादा ४०, आता या दोन आकड्यांच्या मधल्या हवेत राहणाऱ्या माणसाला काय सांगाल. असं शिकवणं असेल तर फी वसूल आहे.

मिनामाताचं लेक्चर मी विसरणार नाही. जपानमधलं मासेमारीचं गाव, कारखान्यातून पारा समुद्रात, तो माशांत साठला, मासे खाऊन आधी मांजरं वेडीवाकडी नाचून मेली आणि मग माणसं, १९५६ मध्ये आजाराची अधिकृत नोंद झाली. दिवसाला दोन वेळा मासे खाणाऱ्या घरातून मी गेलेली, रात्री जेवण गेलं नाही. मॅडम म्हणाल्या की घाबरून मासे सोडू नकोस, कुठला मासा, किती, कुठल्या पाण्यातला, कोण खातं, गरोदर बाई आहे का, हे विचारायला शिक. हा फरक फार मोठा आहे. आमच्याकडे एकतर लोक म्हणतात काही होत नाही, नाहीतर म्हणतात सगळं विषारी झालंय, मध्ये बसून मोजणारं कोणी नसतं.

माकडतापाचा एक पूर्ण मॉड्यूल होता. १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याच्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा सापडलेला रोग, २०१६ मध्ये आमच्या दोडामार्गात आला. गोचिडीतून पसरतो, माकडं आधी मरतात, आणि माणसांना होतो तो साधारण जानेवारी ते मे, म्हणजे नेमका काजूचा हंगाम आणि पातेरो गोळा करायचे दिवस. वर्गात सगळे जंगलतोड, हवामान असं बोलत होते, मी उठून पातेरो म्हणजे काय ते सांगितलं, तरवा म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला सुका पाला लागतो, बायका रानात जाऊन हातांनी ओढून भारे बांधतात आणि डोक्यावरून आणतात, गोचीड अंगावर यायला अजून काय पाहिजे. सरांनी ते प्रश्नावलीत घालायला लावलं. म्हणून म्हणते कोकणातल्या मुलांनी या विषयात जायला हवं, बाहेरून आलेला माणूस "तुम्ही जंगलात जाता का" असं विचारतो आणि बाई "नाय" म्हणून सांगते, कारण तिच्या लेखी ती जंगलात गेलेलीच नसते, पातेऱ्याला गेलेली असते.

उष्णतेवर दोनच लेक्चर झाली, कमी पडली. किनारपट्टीला कमाल तापमान ३७ अंशांना पोचलं आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वर असलं की हवामान खातं उष्णतेची लाट धरतं, सपाटीवर तोच आकडा ४० चा, आणि आपल्याकडे घाम सुकतच नाही म्हणून नुसतं तापमान बघून चालत नाही, दमटपणा, ऊन, वारा धरून वेगळा निर्देशांक काढावा लागतो. चिरेखाणीवर, काजूच्या भट्टीवर काम करणाऱ्यांसाठी हे किती कामाचं आहे. पण तो निर्देशांक मोजायचं उपकरण आम्हाला फक्त फोटोत दाखवलं.

इथून तक्रारी. हवेच्या प्रॅक्टिकलला आम्हाला छोटे सेन्सर दिले, हातात मावणारे. मी दोन गावी आणले, जुलैचा महिना, चुलीजवळ एक आणि पडवीत एक असं ठेवलं, तर पडवीतला आकडा वेड्यासारखा वर. मला वाटलं शेजारी कचरा जाळतायत, दोन दिवस बाहेर बघत बसले, काहीच नाही, धो धो पाऊस. नंतर वाचून कळलं की हे सेन्सर प्रकाश टाकून कण मोजतात आणि हवेत दमटपणा खूप असला की कण पाणी पिऊन फुगतात, आकडा खोटाच वाढतो, म्हणून दमटपणाची दुरुस्ती करावी लागते आणि आधी चांगल्या यंत्राशेजारी ठेवून कॅलिब्रेशन, म्हणजे आकडे जुळवून घ्यावे लागतात. कॉलेजने यातलं काही केलेलं नव्हतं. कोकणातल्या पावसाळ्यात वापरायची वस्तू आणि दमटपणाबद्दल एक शब्द नाही. पर्यावरणाची बाजू कच्ची राहते ती अशी. लॅबचंही तेच, लेप्टोची खात्रीची एमएटी नावाची रक्ततपासणी कशी होते ते स्लाइडवर शिकलो, प्रत्यक्ष एकदाही पाहिली नाही.

आता डिझर्टेशन म्हणजे शेवटचा संशोधन प्रबंध, ज्याच्यासाठी मी हा कोर्स परत करायलाही तयार आहे. विषय घेतला खाडीकाठच्या मचूळ विहिरी आणि बायकांचा रक्तदाब. बांगलादेशच्या किनाऱ्यावर पिण्याच्या पाण्यातलं मीठ आणि गरोदर बायकांचं बीपी यावर काम झालेलं आहे, ते वाचून सुचलं, कारण आमच्याकडेही मार्च उजाडला की काठावरच्या विहिरी मचूळ व्हायला लागतात आणि खाडीचं पाणी अडवणारा खारबंधारा फुटला तर विचारूच नका. पाण्याची बाजू सोपी वाटली, मीटर बुडवला की विरघळलेले क्षार कळतात, भारतीय मानकात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यायचं. पण पहिल्याच वाडीत एक आजी माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चेडवा, पाणी खारा आसा ता सांगूक मशीन कित्याक होया, माजी जीभ सांगता मां." मी म्हटलं आजी सांगा मग कुठली विहीर किती खारी, त्यांनी तीन विहिरींचा क्रम सांगितला आणि मीटरने तोच क्रम दिला. वर त्यांनी जे सांगितलं ते मीटर कधीच सांगू शकला नसता, की मधली विहीर त्यांच्या लग्नाच्या वेळी गोडी होती, बांध फुटला त्या वर्षापासून बिघडली. आजच्या रक्तदाबाला आजचं पाणी जोडून उपयोग नसतो, गेल्या दहा-वीस वर्षांत त्या बाईच्या पोटात काय गेलं ते लागतं, आणि ते आजींच्या आठवणीतच होतं. मी घरी जाऊन प्रश्नावली बदलली, प्रत्येक विहिरीला वर्षवार चव विचारायला लागले.

मग आली सुकी मासळी. खाडीकाठच्या घरात खारवलेला बांगडा, सुंगटं, बोंबील जास्त असणार हे मला आधी सुचायला हवं होतं. पावसाळ्याची बेगमी म्हणून मे महिन्यात डबे भरून ठेवतात, पेजेबरोबर रोज एक तुकडा. म्हणजे विहीर खारी त्या घरात जेवणही खारं, आता बीपी वाढलं ते पाण्याने की मासळीने? कन्फाउंडिंगची व्याख्या मी पहिल्या सेमिस्टरला पाठ केली होती, कळली ती त्या पडवीत बसून, समोर बांगड्याचा डबा उघडा होता तेव्हा. शरीरात मीठ किती जातं ते नीट कळायला चोवीस तासांची लघवी गोळा करावी लागते. कल्पना करा, बाई पहाटे काजूला, मग मासळी बाजारात, दुपारी दुसऱ्याच्या घरी कामाला, कॅन घेऊन फिरणार कुठे. काही जणींनी तरीही केलं, एक वैनी पिशवीत कॅन घालून बाजारात घेऊन गेल्या, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. ज्यांना परवडतं त्या वरच्या विहिरीचं पाणी टेम्पोने आणतात, म्हणजे गरिबीही त्यात मिसळली. आमच्या गाइड सरांनी शेवटी लिहायला लावलं की सॅम्पल लहान आहे, एकाच वेळचं मोजमाप आहे, यावरून कारण ठरत नाही. मला तेव्हा खूप वाईट वाटलं, एवढं फिरले आणि शेवटी हे वाक्य. आज वाटतं तेच वाक्य सगळ्यात महत्त्वाचं होतं, कारण वाडीतल्या कोणाला मी खोटं सांगितलं नाही. एवढं मात्र केलं की ज्यांचं बीपी जास्त निघालं त्या सगळ्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवलं आणि विहिरींचे आकडे ग्रामपंचायतीला लिहून दिले.

नोकरीचं विचारतात सगळे. जिल्ह्यांच्या साथरोग सर्वेक्षणात, म्हणजे २००४ ला सुरू झालेल्या आयडीएसपीमध्ये साथरोगतज्ज्ञाची जागा असते, २०१९ पासून हवामान बदल आणि आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रमही आहे, त्याशिवाय संशोधन प्रकल्प, संस्था, कंपन्यांमधलं पर्यावरण-आरोग्य-सुरक्षा खातं. सरकारी जागा बऱ्याचशा कंत्राटी, आणि जाहिरातीत अनेकदा वैद्यकीय पदवी अधिक एमपीएच असं मागतात, त्यामुळे बीएस्सी करून येणाऱ्यांनी प्रवेशाआधी जुन्या चार-पाच जाहिराती काढून पात्रता शब्द न शब्द वाचा. मला आठ महिने लागले, आता एका प्रकल्पावर आहे, पगार दवाखान्यापेक्षा बरा आहे, फार नाही. शैक्षणिक कर्ज काढून करणार असाल तर हे धरून चाला.

कुठे करायचं तर नुसतं साथरोगशास्त्र पक्कं हवं असेल त्यांनी चेन्नईची आयसीएमआरची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था बघावी, कामाच्या ठिकाणचं आणि पर्यावरणाचं आरोग्य हवं तर चेन्नईचंच श्रीरामचंद्र, समाजाच्या बाजूने जायचं तर मुंबईचं टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था). भोपाळला आयसीएमआरची पर्यावरणीय आरोग्याची राष्ट्रीय संस्था आहे, १९८४ च्या वायुकांडाच्या शहरातच, संशोधनात जायचं असेल तर तिकडे लक्ष ठेवा. कुठेही जा, प्रवेशाआधी फोन करून विचारा की उपकरणं विद्यार्थ्याच्या हातात देता का, कॅलिब्रेशन कोण करतं, गेल्या वर्षीच्या मुलांनी डिझर्टेशनला स्वतः नमुने घेतले की तयार डेटा वापरला. तयार डेटा म्हणाले तर ती एकच बाजू आहे असं समजा. आणि मागच्या बॅचच्या एकाशी तरी बोला, ऑफिसवाले सगळंच छान सांगतात.

आणखी एक, एथिक्स कमिटी, म्हणजे माणसांवरच्या अभ्यासाला परवानगी देणारी समिती. माझा अर्ज नोव्हेंबरात गेला आणि कागद फिरत फिरत परवानगी हातात आली एप्रिलच्या शेवटी, मध्ये तीनदा तेच फॉर्म परत मागवले, एकदा तर मराठी संमतीपत्रात काना राहिला म्हणून. मला विहिरींसाठी मिळाला जेमतेम एक महिना, रोज पहाटे पाचला निघून तीन वाड्या करत होते. तुमचं काम पाण्याचं असेल तर अर्ज दिवाळीआधीच टाका आणि फेब्रुवारीत परवानगी हातात आलीच पाहिजे असं गाइडला सांगून ठेवा, कारण मिरग लागला, दोन चांगल्या सरी झाल्या की विहिरी गोड्या व्हायला लागतात आणि मग पुढच्या मार्चपर्यंत मोजायला काही उरत नाही.